नळावरचा बंदोबस्त

जुनी शांतता समिती ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचं वर्णन सांगायला नको. पोलीस ठाण्यातली लांबट खोली, भिंतीलगत खुर्च्या, बशीत ग्लुकोजची बिस्किटं. समोर नगरसेवक, माजी नगरसेवक, मशिदीचे ट्रस्टी, उत्सव मंडळाचे अध्यक्ष, एखादा बिल्डर आणि हमखास एक परमिट रूमवाला. साहेब म्हणायचे, सण शांततेत पार पाडा. सगळे म्हणायचे, आमचं सहकार्य आहेच. मग खिशाला बिल्ले लागायचे, गणपती आणि मोहरम पार पडायचे आणि समिती पुढच्या सणापर्यंत गायब व्हायची. 1992 च्या डिसेंबरात आणि 1993 च्या जानेवारीत मुंबई पेटली तेव्हा अशा समित्या शहरात होत्याच. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्या दोन महिन्यांत 900 माणसं मारली गेली.

त्या जानेवारीत ताई एका मदत छावणीत धान्य मापून देत होत्या. समाजकार्याचं शिक्षण नुकतंच संपलेलं आणि पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत बालवाड्या चालवणाऱ्या छोट्याशा संस्थेत नोकरी. पुढची सगळी हयात त्याच वस्तीत गेली. वस्तीचं, संस्थेचं आणि आपलं नाव छापायचं नाही, ही त्यांची अट. का, असं विचारलं तर म्हणतात, ‘अजून तिथंच काम करायचंय ना.’

छावणीत सकाळी तांदूळ, दुपारी डॉक्टर, संध्याकाळी पंचनाम्याची चौकशी. वर्दीतल्या माणसांना लोकांकडून हवं असायचं ते हल्लेखोरांचं वर्णन. लोक मात्र ताईंना वेगळंच विचारायचे: रेशनकार्ड जळलं, नवं कुठे मिळेल? फोटोपास जळला, आता झोपडी आपली कशी म्हणायची? मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला गेला, जूनमध्ये प्रवेश मिळेल का? तेव्हा ताईंना हे प्रश्न बारीकसारीक वाटायचे. माणसं मेली होती, कागदांचं काय एवढं? पण 1 जानेवारी 1995 ही झोपड्यांच्या संरक्षणाची तारीख ठरली, पुरावा आणा म्हणून नोटिसा निघाल्या आणि हेच लोक पुन्हा दारात आले. आगीत ज्यांची कागदांची पेटी वाचली होती ते टिकले. ज्यांची पेटी जळली होती त्यांना आपण इथे पंधरा-पंधरा वर्षं राहतोय हे नव्याने सिद्ध करावं लागलं. पेटी जाळणाऱ्यावर गुन्हा दाखल होऊ शकत होता. पेटी नसल्यामुळे पडणाऱ्या घराचा गुन्हा कोणत्याच कलमात बसत नव्हता.

मुंबई जळत असताना ठाण्यापलीकडची भिवंडी शांत राहिली होती, याची चर्चा तेव्हा समाजकार्याच्या वर्तुळात सतत व्हायची. भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं शहर, 1970 आणि 1984 च्या दंगलींनी बदनाम झालेलं. काही होणार तर तिथेच, असं सगळे धरून चालले होते. 1988 मध्ये तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी शहराचे 70 च्या आसपास मोहल्ले पाडून प्रत्येकात समिती उभी केली होती. त्यात पुढाऱ्यांना मान नव्हता. कांडीवाला, रिक्षावाला, शिक्षक, किराणा दुकानदार अशी साधी माणसं, दोन्ही धर्मांची, आणि समिती चालवायची जबाबदारी बीटवरच्या पोलिसावर. गटार तुंबलं, पोरांची मारामारी झाली, भाडेकरू-मालकाचं बिनसलं, असं काहीही तिथे यायचं. ते यायचं म्हणून लोक यायचे, आणि लोक यायचे म्हणून डिसेंबरातल्या त्या रात्रींना कोणाच्या दारात कोण उभं राहणार हे ठरवायला ओळखीपासून सुरुवात करावी लागली नाही. खोपड्यांनी पुढे पुस्तकही लिहिलं, ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’

1994 च्या सुमाराला मुंबईत तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि शहरातल्या इतर काही जाणत्यांनी मोहल्ला कमिट्यांची चळवळ सुरू केली. धारावीत भाऊ कोर्डे आणि वकार खान या दोन मित्रांनी केलेल्या कामावर पुढे ‘नाता’ हा माहितीपट निघाला. ताईंच्या वस्तीतल्या कमिटीत कोणी नामवंत नव्हतं. एक रजिस्टर होतं, दोन सतरंज्या होत्या आणि एक हवालदार. तो गावाकडे शेतीचे वाद ऐकत मोठा झालेला असल्यामुळे न कंटाळता ऐकायचा. ताईंच्या मते कमिटीचं निम्मं यश त्या हवालदाराचं. तो बदलून गेल्यावर आलेला दुसरा हवालदार प्रत्येक वाक्याला ‘मुद्द्यावर या’ म्हणायचा. लोक मुद्द्यावरच असायचे, फक्त ते त्याला कळायचं नाही.

सुरुवातीच्या बैठका रात्री नऊला, पोलीस चौकीत. बायका नाहीत. नऊला बायका चौकीत जातील तरी कशा? मग बैठक दुपारी तीनला बालवाडीत घ्यायची ठरली, आणि रजिस्टरातलं अक्षर तेच राहून विषय पालटले. त्याआधीची पानं उलटली तर भोंगे, मिरवणुकीचा मार्ग, अफवा, बाहेरून येणारी पोरं. त्यानंतर संडासाच्या दाराला कडी नाही. मटक्याच्या अड्ड्यावरून मुलींना शाळेत जावं लागतं. रेशनदुकान महिन्यातून चारच दिवस उघडतं. नवरा मारतो आणि ठाण्यात एन.सी., म्हणजे अदखलपात्र नोंद, घेऊन परत पाठवतात. डंपिंगचा धूर घरात येतो, पोरं रात्रभर खोकतात. हवालदाराने प्रामाणिकपणे विचारलं होतं, धुराविरुद्ध तक्रार कोणाच्या नावाने घेऊ?

नवऱ्याच्या मारहाणीचं काहीतरी करता येत होतं. टाटा समाज विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला होता. पोलिसांच्याच आवारात समाजकार्यकर्ती बसवण्याचा तो प्रयोग ताई शिकत असतानाच जुना झालेला. दोन-तीन बायकांना घेऊन त्या तिथे गेल्या. वस्तीतल्या पुरुषांची पहिली प्रतिक्रिया अशी की कमिटी दंगलीसाठी आहे, घर फोडायला नाही. यावर एका बाईने भर बैठकीत दिलेलं उत्तर रजिस्टरात हिंदीतच उतरवून ठेवलंय: ‘दंगा तो दस साल में एक बार होता है, साहब. मेरे घर में रोज होता है.’

आता नळाचं.

वस्तीतल्या दोन गल्ल्यांच्या तोंडाशी एक सामाईक नळ होता. एका गल्लीत बहुतेक घरं मराठवाड्यातून, 1972 च्या दुष्काळात आलेल्यांची. दुसरीत उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान, जरीकामाचे आणि शिलाईचे कारागीर. पाणी पहाटे चारच्या पुढे कधीतरी यायचं आणि पाऊण तासात जायचं. चावीवाल्याने चावी कधी फिरवली त्यावर सगळं. नंबर लावायला रात्रीच वीट, फुटकी बादली, दोरीने बांधलेला डबा ठेवला जायचा, आणि ती वीट म्हणजे ती बाई, असा रिवाज. वीट सरकवणं म्हणजे बाईला ढकलणं. पहाटे अंधारात कोणाची तरी वीट सरकायची, आवाज चढायचे, ‘तुमची माणसं’ आणि ‘तुम्हारे लोग’ असे शब्द निघायचे. एकदा कळशी डोक्यात बसली आणि टाके पडले. सकाळी आठपर्यंत ते बायकांचं भांडण होतं. दुपारी नाक्यावरच्या पोरांपर्यंत पोचलं तेव्हा ‘आपल्या बाईला मारलं’ झालं. संध्याकाळी दोन्ही बाजूंनी एन.सी. दाखल झाल्या. रात्री दहाला कोणीतरी सांगत आलं की शेजारच्या वस्तीतून टेम्पो निघालाय. टेम्पो वगैरे काही नव्हता. पण तोवर दोन्ही गल्ल्यांची शटरं खाली आली होती, आणि ज्यांनी 1993 पाहिलं होतं त्यांनी कागदांच्या पिशव्या उशाशी घेतल्या होत्या.

हवालदार आणि कमिटीची माणसं पहाटेपर्यंत नाक्यावर बसून राहिली. निभावलं. पोलिसांच्या हिशेबी प्रश्न तिथे संपला. ताईंच्या हिशेबी पुढच्या पहाटे पुन्हा पाणी येणार होतं.

ताई वॉर्ड ऑफिसात गेल्या. पाणी खात्याचे अभियंता म्हणाले, मारामारी होते म्हणजे ही पोलीस केस आहे, आमच्याकडे कशाला? ठाण्यात गेल्या तर उत्तर: पाण्याचं आम्ही काय करणार? दोघांनीही हे लेखी दिलं. सरकारी माणूस आपलं काम नाही हे फार लवकर लेखी देतो. ती दोन पत्रं ताईंनी जपून ठेवली.

दरम्यान एका हॉटेलच्या हॉलमध्ये एक कार्यशाळा झाली. तिथे भिंतीवरच्या पडद्यावर ताईंनी पहिल्यांदा संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा 1994 चा मानव विकास अहवाल पाहिला. त्यामागे होते महबूब उल हक, पाकिस्तानचे माजी अर्थमंत्री, अमर्त्य सेन यांचे केंब्रिजपासूनचे मित्र. शीतयुद्ध संपलं होतं. सुरक्षा म्हणजे सरहद्द आणि रणगाडे एवढंच धरून कसं चालेल, असा त्यांचा सवाल होता. देश शाबूत आहे आणि त्यातला माणूस उपाशी आहे, आजारी आहे, मार खातो आहे, तर सुरक्षित कोण? अहवालाने रोजगार, अन्न, आरोग्य, पर्यावरण, व्यक्तीवरची हिंसा, समाजगटांचं जगणं आणि राजकीय हक्क असे सात मथळे केले होते. ताईंनी परतीच्या लोकलमध्ये रजिस्टर काढून पेन्सिलीने समासात आकडे टाकायला सुरुवात केली. संडासाची कडी कुठे टाकायची, आरोग्यात की व्यक्तीच्या सुरक्षेत? धूर सरळ पर्यावरणात गेला. रेशन अन्नात. नळ एकाही मथळ्यात बसेना, कारण तो चार ठिकाणी बसत होता. न्यूयॉर्कमध्ये अर्थतज्ज्ञांनी मांडलेलं आपल्या बालवाडीत बायका आधीपासून बोलताहेत याचा त्यांना आनंद झाला, आणि थोडा रागही आला. बायकांना कोणी हॉटेलात बोलावलं नव्हतं.

त्याच कार्यशाळेला पोलीस ठाण्याचे एक उमदे साहेबही होते. तरुण, वाचणारे, मनापासून काहीतरी करावंसं वाटणारे. पाणी हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे, हे त्यांना पटलं. परत आल्यावर त्यांनी नळावर बंदोबस्त लावला.

पहाटे साडेतीनला दोन शिपाई, हातात काठ्या. पहिल्या दिवशी चिडीचूप रांग. त्या आठवड्यात एकही एन.सी. नाही. साहेबांनी बैठकीत तसं सांगितलं, टाळ्याही पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत नळावर जाणारं कोणी नव्हतं. दुपारच्या बैठकीत दुसरी बाजू कळली. जरीवाल्यांच्या गल्लीतल्या मुली पाण्याला यायच्या बंद झाल्या होत्या. पोलिसांसमोर अंधारात उभं राहायचं तर घरची माणसं सोडत नव्हती. ज्यांच्या घरातल्या पुरुषावर चॅप्टर केस, म्हणजे प्रतिबंधक कारवाई, होती त्या बाया वळसा घालून दुसऱ्या वस्तीत जात होत्या. सायकलवरून कॅन विकणाऱ्याचा धंदा वाढला होता, आणि दिवसभर कापून-शिवून मिळालेल्या मजुरीतून पाण्याचे पैसे सुटत होते. पाणी तेवढंच, वेळ तीच, पाऊण तास तोच. फक्त भांडण दिसत नव्हतं.

ताई या प्रसंगाबद्दल अजून तावातावाने बोलतात. सुरक्षेचा अर्थ रुंदावला पाहिजे असं म्हणताना आपण नेमकं काय रुंदावतोय, हे बघायला कोणीतरी तिथे उभं असलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पाणी, संडास, धूर, रेशन या सगळ्यावर सुरक्षेचं लेबल लावलं की त्या दारातून अभियंता आत येईलच असं नाही. काठी मात्र आधी येते, कारण ती तयार असते, जवळ असते आणि तिला टेंडर लागत नाही. तज्ज्ञ मंडळी सभा-संमेलनांत नागरी संघटनांना शासनाच्या भागीदार म्हणतात. ताईंना तो शब्द कधीच मानवला नाही. त्यांच्या मते संघटनेचं काम अडवण्याचंही आहे, चांगल्या मनाच्या साहेबालासुद्धा.

साहेब समजूतदार होते, बंदोबस्त उठला. मग ताईंनी जपून ठेवलेली दोन पत्रं बाहेर काढली. अभियंता आणि ठाण्याचे अधिकारी दोघांनाही एकाच बैठकीला बोलावलं आणि सतरंजीवर दोन्ही पत्रं शेजारी शेजारी ठेवली. कोणी काही बोलायच्या आधीच मागून हशा पिकला. अभियंत्याने तोडगा सुचवला: दोन गल्ल्यांना दोन नळ. वरवर पाहता उत्तम. भांडणंच नकोत. काही बायका मान डोलावू लागल्या. तेव्हा मराठवाड्याच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मावशी उठल्या. म्हणाल्या, ‘आज नळ वेगळे करताल. उद्या त्यांच्या नळाला धार मोठी का, ह्याच्यावरनं डोकी फुटत्याल. पाणी वाढवा की.’

मुख्य जलवाहिनीवरून येणारा पाइप बारीक होता, त्यावर वाटेत टिल्लू पंप लावलेले. पाइप बदलायला दोन पावसाळे गेले. त्यात अर्ज, मोर्चा, नगरसेवकाच्या घरापुढे रिकाम्या हंड्यांची रांग, एका उप-अभियंत्याची बदली आणि त्याच्या जागी आलेल्याला सगळं पहिल्यापासून सांगणं, असं बरंच काही झालं. शेवटी पाणी साडेपाचला यायला लागलं आणि सव्वा तास राहायला लागलं. विटांच्या ऐवजी वही आली. दोन्ही गल्ल्यांतल्या एकेक बाईकडे महिनाभर नंबरांची वही. भांडणं अजून होतात. पण ती वहीवरून होतात, आणि वहीत नाव असतं, धर्म नसतो.

गल्ल्यांच्या मागे, नाल्याच्या कडेला, नंतर आलेल्यांच्या झोपड्या होत्या. कट-ऑफ तारखेच्या पुढच्या. त्यांना नळजोडणी कायद्याने मिळतच नव्हती. इथे कमिटीचे हात टेकले. पाणी हक्क समितीने उच्च न्यायालयात याचिका केली आणि 15 डिसेंबर 2014 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की घर बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. पाणी हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. निकालाची प्रत ताईंनी बालवाडीत वाचून दाखवली. नाल्याकाठच्या बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, पाइप कधी येणार? निकालापासून नळापर्यंतची वाट निकाल मिळवण्याइतकीच लांब निघाली.

पोलिसांशी असलेल्या या सलगीची किंमतही होती. पोलीस चौकीत ऊठबस असलेल्या माणसाला वस्तीत एकच नाव असतं, खबरी. 1993 च्या मार्चमधल्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं गेली, त्यानंतर टाडाखाली धरपकड झाली, तेव्हापासून मुसलमान मोहल्ल्यांत ही धास्ती मुरलेली. कमिटीने सुरुवातीलाच एक नियम केला होता: इथे प्रश्न सांगायचे, नावं सांगायची नाहीत. कोणी कुठे बसतो, कोणाकडे कोण आला, हे कमिटीत विचारायचं नाही आणि सांगायचं नाही. काही अधिकाऱ्यांना हा नियम उपयोगाचा वाटला, काहींना उद्धटपणाचा. ‘मग तुमचा आम्हाला काय फायदा?’ असं एकाने उघडच विचारलं होतं.

2006 च्या जुलैत या नियमाची कसोटी लागली. 11 तारखेला लोकलगाड्यांत स्फोट झाले आणि मग रात्री-अपरात्री कोंबिंग. सकाळी आया यायच्या: मुलाला उचललं, कुठे नेलं कळत नाही. डी. के. बसू खटल्यात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अटकेबाबत दिलेल्या सूचनांच्या मराठी, हिंदी आणि उर्दू प्रती ताईंनी झेरॉक्स करून ठेवल्या होत्या. अटकेचा पंचनामा हवा, नातेवाइकाला कळवायला हवं, अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी. त्या कागदाने कोणी लगेच सुटलं नाही. पण ठाण्याच्या पायरीवर हातात कागद घेऊन उभी असलेली आई आणि रिकाम्या हातांनी उभी असलेली आई, यांच्याशी आतला माणूस वेगवेगळं बोलतो, एवढं ताईंनी पुन्हा पुन्हा पाहिलं. त्याच काळात मराठवाड्याच्या गल्लीतून सवाल आला, स्फोटात मेलेल्यांसाठी कमिटी काय करणार? त्या गल्लीतल्याही काहींचे नातेवाईक रोज त्याच लोकलने कामाला जायचे. रास्तच सवाल होता. जखमींच्या नुकसानभरपाईचे अर्ज त्याच बालवाडीत, त्याच झेरॉक्स मशीनवर प्रती काढून भरून दिले गेले, आणि दोन्ही रांगा एकाच बाकावर बसल्या.

त्याच महिन्यात, 5 जुलैला, भिवंडीत जे झालं त्याने कमिट्यांवर विश्वास ठेवणारे सगळेच हादरले. कब्रस्तानाला लागून असलेल्या जागेवर पोलीस ठाणं बांधायला विरोध झाला, जमाव आणि पोलीस भिडले, गोळीबारात दोघे मेले, आणि नंतर दोन पोलीस शिपायांचा जमावाने जीव घेतला. 1992 ची शांत भिवंडी ती हीच. मधल्या काळात अधिकारी बदलत गेले होते. कमिट्या कागदावर असतीलही, पण एखाद्या अधिकाऱ्याच्या जिवावर उभी राहिलेली गोष्ट त्याच्या बदलीच्या आदेशाबरोबर खिळखिळी होते. आणि वाद कशाचा, तर सुरक्षेसाठी बांधायच्या इमारतीचा. जागा कुठे घ्यायची हे ठरण्याआधी मोहल्ल्यातली ती साधी माणसं एका सतरंजीवर बसली असती तर, हा विचार ताईंच्या मनातून जात नाही. उत्तर त्यांच्याकडेही नाही.

पुढचं भराभर सांगण्यासारखं आहे. मटक्याच्या अड्ड्याच्या गल्लीत दिवा लावा म्हणून अर्जांवर अर्ज झाले, दिवा लागला नाही. मग शहरभर सीसीटीव्ही आले. नाक्यावर खांब उभा राहिला, त्यावर कॅमेरा चढला, आणि अंधारात चित्र नीट येत नाही म्हणून शेवटी दिवा लागला. मुलींना उजेड मिळाला तो कॅमेऱ्याच्या सोयीसाठी. 2017 च्या फेब्रुवारीत मानखुर्दच्या इंदिरानगरात सार्वजनिक संडासाची जमीन खचून माणसं खालच्या टाकीत पडून मेली, तेव्हा बालवाडीतल्या बैठकीत कोणालाच धक्का बसला नाही. आपल्या संडासाची लादी हलते हे रजिस्टरात तीनदा लिहून झालं होतं.

आणि 2020 चा टाळेबंदीचा काळ. घरात बसा, हा आदेश दहा बाय दहाच्या खोलीत सातजणांना आणि संडासाच्या रांगेला कसा लागू करायचा, हे आदेश काढणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. पहिल्या आठवड्यात संडासाला निघालेल्यांनाही काठ्या बसल्या. मग ठाण्यातूनच ताईंना फोन आला: तुमची ती कमिटी अजून आहे का? नंबरांची वही सांभाळणाऱ्या बायकांनी संडासाच्या वेळा लावल्या. कोणाच्या घरी चूल पेटलेली नाही ही यादी त्यांच्याकडे पोलिसांच्या आधी होती, आणि इथे मात्र नावं द्यायला कोणाची हरकत नव्हती. शिजवलेलं अन्न वाटायला पोलिसांची गाडी वापरली गेली. ज्या गाडीतून पोरं उचलली जात त्यातून खिचडीची पातेली उतरली, याचं अप्रूप वस्तीला आठवडाभर पुरलं. मग परप्रांतीय कारागीर गावाकडे निघाले आणि ठाण्याबाहेर प्रवासाच्या अर्जांची झुंबड उडाली. पुन्हा तोच प्रश्न: कागद.

2023 मध्ये ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी जुलूस एक दिवस पुढे ढकलला आणि सरकारने सुट्टीही 29 तारखेला नेली. 2024 मध्ये तारखा जवळ आल्या तेव्हाही जुलूस पुढे गेला. वर्तमानपत्रांनी सलोख्याच्या बातम्या दिल्या, त्या खऱ्याच होत्या. ताईंच्या वस्तीत या विषयावर पाच मिनिटांतच एकमत झालं. ठाण्याचे नवे अधिकारी खूश होऊन वही मिटायला लागले, तेव्हा नंबरांची वही सांभाळणारी शबनम आणि मराठवाड्याच्या गल्लीतली तिची जोडीदार एकदमच बोलू लागल्या. मिरवणुकीच्या दोन दिवसांसाठी नाक्यावर फिरती शौचालयं उभी राहणार होती, त्याबद्दल त्यांना बोलायचं होतं. ती दोन दिवसांनी परत नेऊ नयेत, अशी त्यांची मागणी. वस्तीतला संडास दुरुस्तीसाठी बंद आहे, बायका अंधारात नाल्याकडे जातात, आणि भक्तांसाठी जी गाडी येऊ शकते ती आमच्यासाठी का थांबू शकत नाही?

साहेब म्हणाले, तो आपल्या अखत्यारीतला विषय नाही, वॉर्ड ऑफिसला विचारा. ताईंनी ते लेखी मागितलं.